स्पर्धेचा कौल आणि पटकथेची कसोटी

पटकथा-स्पर्धांविषयी आमच्या तरुण लेखकवर्गात अलीकडे जी श्रद्धा दिसून येते, ती देवाला कौल लावणाऱ्या भाविकाच्या श्रद्धेहून फारशी निराळी नाही. उजवी पाकळी पडली की कामास लागावे, डावी पडली की बेत सोडून द्यावा; तद्वत हा लेखक आपले बाड परीक्षकांकडे धाडतो आणि निकालाकडे डोळे लावून बसतो. देवाच्या कौलाविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. परीक्षक मात्र देव नव्हेत. त्यांच्या निकालावर लेखनाचा संसार उभारणे वा मोडणे कितपत शहाणपणाचे, एवढाच प्रश्न आम्ही विचारात घेणार आहोत.

हा प्रश्न पांढुर्णा व सौसर या भागात विशेष टोकदार होतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला. हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. येथील मुलाची घरची बोली मराठी, शाळेची भाषा हिंदी, आणि चित्रपटाचा बाजार दूर मुंबईस. अशा मुलास ओळखीवाचून ठोठावता येईल असे दार म्हणजे स्पर्धा होय. शिवाय ठरल्या तारखेस शंभरएक पानांचे बाड पुरे करावयाची शिस्त तीमुळे लागते. हा लाभ आम्ही लहान मानीत नाही.

परंतु दार उघडले म्हणजे घर मिळाले असे नव्हे. बिप्लब गोस्वामी यांच्या ‘टू ब्राइड्स’ या पटकथेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचा गोषवारा त्यांनी 2014 साली मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदविला होता. 2018 साली ‘सिनेस्तान’च्या पटकथा-स्पर्धेत ती उपविजेती ठरली, परीक्षकांत असलेल्या आमिर खान यांच्या नजरेत भरली, आणि किरण राव यांनी दिग्दर्शित केलेला ‘लापता लेडीज’ मार्च 2024 मध्ये पडद्यावर आला. त्याचे चित्रण मध्य प्रदेशातच, सिहोरकडे झाले. नोंदणीपासून प्रदर्शनापर्यंत सुमारे दहा वर्षे लोटली. चित्रपटाची पटकथा व संवाद स्नेहा देसाई यांच्या नावावर आहेत. गोस्वामींकडे कथेचे श्रेय राहिले. 2025 साली कथेच्या स्वतंत्रपणाविषयी शंका निघाली, तेव्हा गोस्वामींनी पुढे केली ती 2014 ची नोंद. स्पर्धेने कथेस वाट दिली, हे निर्विवाद. तथापि कथेचे धनीपण राखण्यास आधी केलेली ती साधी नोंदच कामी आली, हेही तितकेच ध्यानी धरण्याजोगे आहे.

याहून सूक्ष्म धोका लेखनाच्या आशयास आहे. परीक्षकास काय रुचेल, असा विचार करून लिहू लागलेला पांढुर्ण्याचा लेखक प्रथम कोठे वळेल? अर्थातच गोटमारीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा फडकतो, आणि पांढुर्णा व सावरगाव हे दोन काठ परस्परांवर धोंडे फेकतात. माणसे जखमी होतात. आजवर बळीही गेले आहेत. मागे पळून गेलेल्या प्रेमी युगुलाची दंतकथा आहेच. दूरच्या परीक्षकास थक्क करावयास एवढी सामग्री पुरे! परंतु अशा पटकथेत धोंडे दिसतात, गाव दिसत नाही. ज्या घरची लेक पलीकडच्या काठावर दिलेली आहे, त्या घरात त्या दिवशी चूल कशी पेटते? शेवटी ते झाड चंडिकेच्या देवळात अर्पण होते, तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेला पोरगा देवीपुढे काय मागतो? नाट्य येथे आहे. ते ओळखावयास गावातच मुरावे लागते. स्वतःचे गाव तमाशासारखे मांडून मिळविलेले पारितोषिक आमच्या मते महाग पडते.

स्पर्धेवाचूनही मार्ग निघतो, याचा दाखला शेजारच्या नागपुरात आहे. महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका 1967 साली ‘सत्यकथे’त छापून आली, ती वाचून विजया मेहता यांनी त्यांना हुडकून काढले. पुढे 1984 साली ‘होळी’ व ‘पार्टी’ या त्यांच्याच नाटकांवरून चित्रपट निघाले. मधल्या सतरा वर्षांत ते लिहीत राहिले, आणि चित्रपटच त्यांच्या लेखनाकडे चालत आला.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्पर्धेत अवश्य उतरावे; मात्र बाड धाडण्यापूर्वी त्याची नोंदणी करावी, आणि हक्क कोणाकडे जातात ते नियमांत डोळसपणे वाचावे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने चित्रपट-लेखकाच्या मानधनाच्या वाट्यास संरक्षण दिले आहे. ते ठाऊक नसणे परवडणारे नाही. निकालाची वाट न पाहता दुसरी पटकथा लिहावयास घ्यावी. आणि मुख्य म्हणजे पहिले वाचन घरच्या माणसांपुढे करावे. गोमंतकातील देवळांच्या उत्सवात मांडवाखाली नाटके होतात, तेथील श्रोता कंटाळला की उठून जातो. त्यास नाटककाराची भीड नसते. सौसरजवळच्या जामसावळीस हनुमंताच्या दर्शनास येणाऱ्या चार माणसांना सावलीत बसवून एक प्रवेश वाचून दाखवावा. ती ऐकत राहिली, तर लेखकास आपले बळ कळेल. उठून गेली, तर कोठे खोडावयाचे ते कळेल. परीक्षकांच्या छापील निकालात एवढे क्वचितच सापडते.