उंबरठा कुणाचा?

स्त्रीच्या मुक्तीची गोष्ट मराठीत सांगायची म्हटली की एक शब्दप्रयोग हमखास येतो : तिने उंबरठा ओलांडला. बीडच्या महाविद्यालयात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना मीही तो वापरला. तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या आईला उंबरठाच नाही. सहा महिने कोपीतच असते." तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. वर्ग हसला, ती हसली नाही. तिच्या या एका वाक्याने आपल्या समीक्षेचे एक जुने माप तपासायला भाग पाडले आहे.

ते माप आले कुठून? रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये घरातल्या बायकांचा रोष सोसून एक स्त्री शिकते आणि पुढे पुण्याच्या सेवासदनाचे नेतृत्व करते. ती लढाई खोटी नव्हती. तिची किंमत कमी करण्याचे कारण नाही. परंतु एका जातीच्या, एका वर्गाच्या अनुभवातून तयार झालेले माप सर्व स्त्रियांना लावणे ही प्रस्थापित समीक्षेची चूक आहे. बहुसंख्य दलित स्त्रिया शेतात, रस्त्यावर, गिरणीत होत्याच. त्यांचे श्रम चारचौघांत होते. चारचौघांत बोलण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

ही गोष्ट लख्खपणे समोर आणली ती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाने. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडून हा इतिहास मिळवला गेला. त्यातून दिसणाऱ्या वाटा उंबरठ्याच्या मापात बसत नाहीत. जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्थानकावर हमाली केली, शिकून शिक्षिका झाल्या आणि नागपुरात मुलींची शाळा चालवली. फलाटावर डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या बाईला 'घराबाहेर पडलीस' म्हणून कोण शाबासकी देणार? तिचा पराक्रम ओझे उतरवून खडू हातात घेण्यात आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी मागितली, कामगार स्त्रियांसाठी रजा व नुकसानभरपाई मागितली. हिंदू कोड बिलावरून देशात वादळ उठले ते यानंतर. ज्यांना अडाणी समजले गेले त्या बाया घर आणि गिरणी या दोन्हींचा हिशेब एकाच मांडवात मागत होत्या. भारतीय स्त्रीच्या नेतृत्वाच्या इतिहासात या परिषदेला किती ओळी मिळतात, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या हातातले पाठ्यपुस्तक उघडून पाहावे.

येथवर आपण इतरांना दोष दिला. आता आपल्याकडे वळू. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आपण गावकुसाबाहेरच्या दारिद्र्याचा दस्तऐवज म्हणून गौरवतो. त्याच पुस्तकात सुनांचा छळ आहे. पत्नीला घराबाहेर पडू न देण्यात मोठेपणा मानणारे लेखिकेचे वडील आहेत. म्हणजे वरच्यांचा उंबरठा आपल्याही काही घरांनी उसना आणून बसवला होता. ही पाने वाचताना आपल्या समीक्षेचा आवाज एकदम खाली येतो. बेबीताईंनी आपले लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. सभेत 'जय भीम' म्हणणाऱ्या घरात वही का लपवावी लागली, हा प्रश्न चळवळीच्या विरोधात नाही. तो चळवळीचाच प्रश्न आहे, आणि तो टाळून केलेली समीक्षा अर्धी आहे.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या आईकडे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, कोपीत येऊन चूल पेटवते. तरी मुकादमाच्या वहीत उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. तेव्हाही त्यांच्याविषयी पुष्कळ जण बोलले. त्या स्वतः बोलताना फार थोड्यांनी ऐकल्या.

दुसरीकडे, ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. दलित स्त्री सरपंचाच्या खुर्चीत बसू लागली. काहींनी ती खुर्ची खरोखर चालवली. पण 'सरपंचपती' हा शब्द ज्या भाषेत रुळतो, तिथे काय चालते ते वेगळे सांगायला नको. १९४२ च्या बायांकडे खुर्ची नव्हती, ठराव त्यांचा होता. आज खुर्ची तिची आहे, ठराव कुणाचा?

म्हणून माप बदलू या. स्त्री बाहेर पडली का, हे विचारण्याऐवजी तिचे बोलणे कुणी नोंदवले, तिच्या नावाने वहीत काय लिहिले, हे विचारू या. पवार आणि मून यांनी जे केले ते काम बीड, गेवराई, माजलगाव, केजच्या वस्त्यांत व्हायला हवे. नामांतराच्या लढ्यात ज्या बायांनी पोलिसांच्या गाड्या पाहिल्या, त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्यासमोर वही घेऊन कोण बसणार?

त्या विद्यार्थिनीला मी या सत्राचा प्रकल्प म्हणून आईची मुलाखत लिहायला सांगितली आहे. पट्टा पडून आई गावी आली की ती लिहिणार आहे.