वर्तुळपाकळ्यांतील मृत्यू : नाइटिंगेल यांच्या माहितीचित्राचे पुनर्वाचन

महाविद्यालयीन वर्गांत माहितीचित्र, म्हणजेच इन्फोग्राफिक, नमुना म्हणून दाखविले जाते. तपासले मात्र क्वचितच जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली प्रसिद्ध केलेली क्रिमियन युद्धातील मृत्यूंची आकृती हे याचे ठळक उदाहरण आहे. तिची स्तुती पुष्कळ झाली. ती वाचायची कशी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आकृतीत दोन वर्तुळे आहेत. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ हे पहिले वर्ष उजवीकडे आणि त्यानंतरचे वर्ष डावीकडे. (उर्दू वाचणाऱ्यास हा क्रम खटकणार नाही, इंग्रजी वाचक मात्र अडखळतो.) दर महिन्यास ३० अंशांची एक वर्तुळपाकळी. निळा रंग टाळता येण्याजोग्या साथरोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. सर्व रंगांचे क्षेत्रफळ केंद्रापासून मोजायचे, अशी सूचना आकृतीखाली आहे. ती न वाचणारा निळ्या भागाची केवळ बाहेरची पट्टीच मोजतो आणि फसतो.

जानेवारी १८५५ मध्ये साथरोगांनी २७६१ सैनिक मेले, जखमांनी ८३. वार्षिक दराने हे प्रमाण दर हजारी १०२२.८ आणि ३०.७ असे होते, म्हणजे सुमारे ३३ पट. क्षेत्रफळाच्या नियमाने निळ्या पाकळीची त्रिज्या तांबडीच्या ५.८ पटच भरते. डोळा बहुधा लांबी पाहतो. त्यामुळे खरा फरक त्याला कमी वाटतो. नाइटिंगेल यांच्या आधीच्या एका आकृतीत दर त्रिज्येने दाखविला होता. तेथे हाच फरक क्षेत्रफळात हजारपटीहून अधिक झाला असता. ती चूक त्यांनी सुधारली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानावे लागेल.

अधिक गंभीर आक्षेप वर्तुळे कोठे तोडली याविषयी आहे. ब्रिटिश सरकारचा आरोग्य आयोग मार्च १८५५ मध्ये उस्कुदारला पोहोचला. नवे, लहान वर्तुळ एप्रिलपासून सुरू होते. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे, की आयोग आला आणि मृत्यू ओसरले. पण साथरोगांचा दर जानेवारीत १०२२.८, फेब्रुवारीत ८२२.८, मार्चमध्ये ४८०.३ आणि एप्रिलमध्ये १७७.५ होता. म्हणजे उतरण आयोग येण्यापूर्वीच लागली होती. आकडे लपविलेले नाहीत. उजव्या वर्तुळाच्या शेवटच्या तीन पाकळ्या लहान होत गेलेल्या दिसतात. तरीही दोन वर्तुळांतील आकाराचा फरक त्यांना झाकोळून टाकतो. यावरून स्वच्छतेचा उपयोग झाला नाही असे मात्र ठरत नाही. गटारे, पाणी आणि हवा यांची सुधारणा झाल्यावर दर पुन्हा तितका चढला नाही, हेही त्याच आकृतीत आहे.

त्याच काळातील त्यांचा साधा स्तंभालेख याहून सरस आहे. २० ते २५ वयाच्या इंग्रज पुरुषांत दर हजारी ८.४ मृत्यू, तर मायदेशातील बराकींत राहणाऱ्या त्याच वयाच्या सैनिकांत १७. दोन रेघा शेजारी शेजारी. स्पष्टीकरणाची गरजच पडत नाही. तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही, हे खेदाचे.

विद्यार्थ्यांना स्वतः माहितीचित्र काढावयास सांगताना हेच आकडे द्यावेत. एका गटाने कंपासने पाकळ्या काढाव्यात. प्रत्येक त्रिज्येसाठी वर्गमूळ घ्यावे लागेल. दुसऱ्याने २४ महिन्यांचे स्तंभ एकाच आधाररेषेवर उभारावेत आणि आयोग पोहोचल्याच्या महिन्यावर उभी रेघ ओढावी. मग दोन्ही कागद तिसऱ्या गटाकडे द्यावेत व आयोगाविषयी त्यांचे मत एका वाक्यात लिहून घ्यावे.