बहिणीबरोबर ऐकलेलं यू-टू : रॉक मैफलीच्या समीक्षेबद्दल थोडं

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका तरुण मित्राने विचारलं होतं, की तुम्ही नाट्यसंगीतावर बोलता, गझलेवर बोलता, मग रॉक कॉन्सर्टवर का बोलत नाही? ते तुम्हांला संगीत वाटत नाही का? वाटतं. न बोलण्याचं कारण वेगळं आहे, ते आज सांगून टाकू.

आधी एक गोष्ट बाजूला करू. 'रॉक म्हणजे नुसता गोंगाट' हे वाक्य निदान नाशिककराने तरी उच्चारू नये. ज्या गावाच्या नावाने देशभर ढोल ओळखला जातो, त्या गावाने आवाजाबद्दल दुसऱ्याला काय शिकवायचं! (हशा) मुद्दा आवाजाचा नाही. मराठीत रॉक मैफलीबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात गाण्यांची यादी असते, ध्वनियोजना कशी होती ते असतं, पार्किंगचे हाल असतात. ऐकणारा माणूस तिथपर्यंत कसा पोचला आणि त्याच्या शेजारी कोण होतं, हे नसतं. आमचं म्हणणं असं, की थेट रॉकच्या बाबतीत हे नसेल तर समीक्षा अर्धीच राहते.

उदाहरण घेऊ. १५ डिसेंबर २०१९, रविवार. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यू-टू या आयरिश बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम. १९८७ साली आलेला त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम त्या दौऱ्यात ते पहिल्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत, त्याच क्रमाने वाजवत होते. आम्ही गेलो होतो ताईबरोबर. ताई आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

संपूर्ण अल्बम क्रमाने वाजवण्यावर एक चांगला आक्षेप आहे. आपल्या मैफलीत गायक वेळ बघतो, समोरचे श्रोते बघतो आणि मग राग ठरवतो. इथे सगळं आधीच ठरलेलं. पुढचं गाणं कोणतं हे हजारो लोकांना पाठ. मग मैफल आणि पोथीवाचन यांत फरक काय? हा आक्षेप आम्हीही पूर्वी केलेला आहे, मोठ्या तावातावाने. त्या रात्री तो पडला, आणि पडला तो एका कॅसेटमुळे.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास ताईने हा अल्बम मैत्रिणीच्या भावाच्या सीडीवरून साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला होता. एका बाजूला तीस मिनिटं. सहा गाणी बसायची, सातवं, म्हणजे 'इन गॉड्स कंट्री', मिनिटभर वाजून तुटायचं. मग कॅसेट उलटायची, आणि गाणं भलतीकडूनच सुरू व्हायचं. 'विथ ऑर विदाउट यू'मध्ये एके ठिकाणी टेप चावली गेली होती, तिथे बोनोचा आवाज क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. आमच्यासाठी गाणं तसंच होतं. लहान भावाचं ऐकणं हे असं असतं, बघा. मोठ्या बहिणीची आवड, मोठ्या बहिणीची कॅसेट, आणि त्या कॅसेटची दुखणीसुद्धा वारशाने आलेली.

तर नेरूळला 'विथ ऑर विदाउट यू' सुरू झालं. चावलेली जागा आली आणि आवाज सरळ निघून गेला. कुठेच बुडाला नाही. आम्ही ताईकडे बघितलं तर ती आधीच आमच्याकडे बघत होती. पुढे सातव्या गाण्याला मिनिट झालं आणि आमचा हात खरोखर उठला, कॅसेट उलटायला. ताई इतकी हसली की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. जो अल्बम समीक्षकांच्या लेखी शिळा झालेला होता, तो आम्ही दोघं एकत्र बसून पहिल्यांदाच अखंड ऐकत होतो.

म्हणून कार्यक्रम निर्दोष होता असं नाही. सुरुवात उत्तम. ड्रमर लॅरी मलन एकटा चालत पुढच्या छोट्या मंचावर आला आणि 'संडे ब्लडी संडे'चा ताल धरला. एवढ्या मोठ्या मैदानात एका माणसाने नुसत्या ड्रमवर शांतता आणावी, हे सोपं नाही. पण नंतर मागचा अवाढव्य पडदा सगळं गिळत गेला. आमच्या जागेवरून माणसं अंगठ्याएवढी दिसत होती, त्यामुळे डोळे पडद्यावरच राहिले आणि गाण्याचा सिनेमा झाला. बोनो बोलतोही फार. ए. आर. रहमान आणि त्यांच्या मुली खतिजा व रहीमा मंचावर आल्या, 'अहिंसा' हे गाणं झालं. हेतू चांगला, गाणं मात्र बेताचं. 'अल्ट्राव्हायलेट'च्या वेळी पडद्यावर कर्तबगार स्त्रियांचे चेहरे यायला लागले, त्यांत भारतीय स्त्रियाही होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. ताईने नाही वाजवल्या. आम्ही विचारलं नाही. कारण माहीत होतं.

त्यासाठी जवळजवळ बारा वर्षं मागे जावं लागेल.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. आयर्न मेडनचा जगभरचा दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू होणार होता. मेडनच्या कॅसेटीही ताईच्याच. आता नाशिकहून मुंबईची मैफल ऐकायची म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाता येतं. पण परतीची पंचवटी संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मुंबई सोडते, आणि रॉक मैफल त्यानंतरच रंगात येते. म्हणजे रात्र बाहेर काढणं आलं. एसटी, नाहीतर दादरहून टॅक्सी, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये पथारी. रॉक कुणाला आवडतं हा रुचीचा प्रश्न झाला. ते थेट कोण ऐकू शकतं, हा आपल्याकडे रात्रीच्या परवानगीचा प्रश्न आहे. ताई तेव्हा सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू.

इथे आम्ही बरीच वर्षं एक सोयीची गोष्ट सांगत आलो, की वडिलांनी तिला पाठवलं नाही. खरं असं आहे, की वडिलांनी आम्हांलाच विचारलं होतं, "तिलाही न्यायचंय का?" आम्ही म्हटलं, "सगळे मुलगेच आहोत, ती कुठे येणार." वडिलांना तेवढं पुरलं. ताई दारात उभी होती.

मैफल मोठी झाली. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या कवितेवरचं तेरा-साडेतेरा मिनिटांचं गाणं, कीर्तनकाराने आख्यान लावावं तसं त्यांनी लावलं. 'फिअर ऑफ द डार्क'ला गिटारची धून लोकच गात होते, शब्दांशिवाय. आपल्याकडे श्रोता 'वा' म्हणतो आणि थांबतो, इथे तो वाद्याचं काम अंगावर घेतो. हे सगळं आम्ही परत येऊन ताईला सांगायला लागलो. तिने एवढंच विचारलं, "राइम वाजवलं?" हो म्हटलं. ती आत गेली.

गंमत अशी, की त्याच २००८ साली आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांत, सुलाफेस्ट सुरू झाला. थेट बँड गावाच्या वेशीवर आले, घाट उतरायची गरज उरली नाही. तरी तिथली बरीचशी गर्दी मुंबई-पुण्याची. अंतर कमी झालं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि तिकिटाचा आकडा हीसुद्धा एक परवानगीच असते. सुलाफेस्टवर स्वतंत्रपणे बोलायला हवं, आज नको.

यू-टूकडे परत येऊ, कारण या बँडच्या मुळाशीच एक भावंड आहे आणि त्याच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. १९७६ साली डब्लिनमध्ये लॅरी मलनच्या घरच्या स्वयंपाकघरात काही शाळकरी मुलं जमली. त्यांच्यात दोन भाऊ होते, डिक एव्हान्स आणि धाकटा डेव्हिड, जो पुढे 'द एज' म्हणून जगाला माहीत झाला. दोघंही गिटार वाजवायचे. मार्च १९७८मध्ये हाउथच्या एका चर्चच्या हॉलमधल्या कार्यक्रमात मोठा भाऊ, ठरल्याप्रमाणे, वाजवता वाजवता मंचावरून उतरून गेला. उरलेले चौघे नंतर परत आले ते 'यू-टू' या नावाने. डिक पुढे दुसऱ्या बँडमध्ये वाजवू लागला, त्याचं वाईट काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर जे काही झालं, ते धाकट्याच्या नावावर झालं.

हे आम्ही ताईला परतीच्या वाटेवर सांगितलं. गाडी तीच चालवत होती. मुलं नवऱ्याकडे ठेवून आली होती. शहापूरच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो, दीड वाजून गेला असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो स्वतःहून उतरला ना?"

आम्ही हो म्हटलं.

"मग त्याचं वेगळं," ती म्हणाली, आणि चहाचे पैसे द्यायला उठली. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत कुणी बोललं नाही. इगतपुरीला थंडी लागायला लागली तेव्हा तिने काच वर केली आणि मोबाइलवर मेडन लावलं. राइमच. पूर्ण वाजू दिलं.

प्रश्न असतील तर घेऊ या.