दावीद राजा आणि त्याचा चरित्रकार

राजांची चरित्रे बहुधा भाटच लिहितात. त्यांत पराक्रम असतो, दानधर्म असतो, वंशावळ असते. माणूस तेवढा सापडत नाही. म्हणूनच इस्राएलचा प्राचीन राजा दावीद याची कथा वाचताना मला राजापेक्षा त्याच्या चरित्रकाराचेच अधिक नवल वाटते.

दावीद म्हटला की बहुतेकांना गोफण आठवते. बेथलेहेमचा मेंढपाळ पोर आणि समोर पलिष्ट्यांचा धिप्पाड गल्याथ! मायकेलअँजेलोने १५०४ साली पुरा केलेला फ्लॉरेन्सचा सतरा फुटी संगमरवरी पुतळा याच पोराचा. पण बायबलातल्या शमुवेलाच्या दोन पुस्तकांचे खरे मोल मला पुढे, राजा मध्यान्हीला आल्यावर दिसते.

सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसले आहे. राजा मात्र यरुशलेमात. संध्याकाळी गच्चीवरून त्याला बथशेबा दिसते. तिचा नवरा उरीया रणात आहे. तिला दिवस जातात, तेव्हा राजा उरीयाला बोलावून घरी जायला सांगतो. सोबती उघड्यावर पडले असता घरचे सुख भोगणे त्या शिपायाला रुचत नाही. अखेर सेनापती यवाबासाठी एक पत्र त्याच्याच हाती दिले जाते. ते असते त्याच्या मरणाचे फर्मान! एवढे भयंकर कृत्य सांगताना चरित्रकार कुठेही आवाज चढवीत नाही. मग नाथान संदेष्टा येतो, गरिबाची एकुलती मेंढी लुटणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो आणि संतापलेल्या राजाला दाखवून देतो की, तो श्रीमंत म्हणजे तूच. राजा त्याचे डोके उडवीत नाही. अपराध कबूल करतो.

हेच राज्य पुढे ‘इतिहास’ या पुस्तकात पुन्हा वर्णिले गेले. तिथे राब्बाचा वेढा आहे, राजा मागे राहिला हेही आहे. पण बथशेबेचे प्रकरण नाही, मुलगा अबशालोम याचे बंडही नाही. तिथला दावीद मंदिराची तयारी करणारा, पूजनीय राजा आहे. पुस्तक मिटले की तो मनातून पुसला जातो.

उलट, वेशीत बसून रणातून येणाऱ्या जासुदाची वाट पाहणारा बाप विसरता येत नाही. बातमी विजयाची असते. तो विचारतो बंडखोर पोराची खुशाली. त्याच्या आक्रोशाने जिंकलेले सैन्य चोरासारखे गावात शिरते.

शमुवेलाचा लेखकही अगदी निःपक्षपाती नाही. शौलाच्या घराण्यातले पुरुष एकेक मरतात आणि दर वेळी दावीदाचे हात स्वच्छ! इथे भाटाचा सूर मलाही ऐकू येतो. पण उरीयाच्या बाबतीत तो सूर थांबतो, आणि तिथेच या ग्रंथाची थोरवी आहे.

तेल दान येथे १९९३ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिलालेखात एका शत्रुराजाने ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख केला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दीडशे स्तोत्रांपैकी त्र्याहत्तरांच्या माथ्यावर दावीदाचे नाव आहे. ती सारी त्याचीच, असे आज विद्वान मानीत नाहीत. शिळेने घराणे राखले, स्तोत्रांनी नाव राखले. माणूस राखला तो या चरित्रकाराने.

मुलांना गोफणीची गोष्ट अवश्य सांगावी. मोठ्यांनी मात्र या सुट्टीत पुढची पानेही उलटावीत.