यादी सॉफ्टवेअर देतं, पुढचं कोण बघतं?

प्रोटोकॉल सादर करायचे दिवस आले की डिपार्टमेंटमधला कुणी ना कुणी ज्युनिअर लॅपटॉप घेऊन येतो. "ताई, पाच सेंटरची स्ट्रॅटिफाइड रँडमायझेशनची यादी करून दे ना, सरांना उद्या दाखवायचीय." दहा मिनिटांचं काम आहे, मी आत्तापर्यंत देत आले. या वर्षी मात्र जरा अडून बसले. का, ते सांगण्यासाठी ही पोस्ट.

नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात. दोन उपचारांची तुलना करायची तर कुठल्या पेशंटला काय मिळणार हे नशिबावर सोडायचं, म्हणजे रँडमायझेशन. पण साधं नाणं उडवलं तर एखाद्या छोट्या सेंटरवर दहापैकी आठ जण एकाच गटात जाऊ शकतात. म्हणून सेंटर, आजाराची तीव्रता अशा महत्त्वाच्या गोष्टींवरून कप्पे पाडायचे, म्हणजेच स्ट्रॅटा, आणि प्रत्येक कप्प्याची वेगळी यादी करायची. त्या यादीत चार-चार, सहा-सहा जणांचे ब्लॉक असतात आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही गट सारखे येतात. कल्पना एवढीच.

ही यादी करून देणारी साधनं भरपूर आहेत. आपल्याकडे फुकट म्हणून आर जास्त चालतं, आणि त्यातलं 'ब्लॉकरँड' हे पॅकेज. पॅकेज चांगलं आहे, लहान आहे, पाकिटात घालायची कार्डंसुद्धा छापून देतं. पण त्याच्याकडून काम करून घेताना मी स्वतः तोंडावर पडले आहे. ब्लॉक साईज म्हणून मी 4 आणि 6 दिले. एका छोट्या सेंटरसाठी 30 जणांची यादी मागितली होती, ती आली 36 ओळींची. पॅकेज शेवटचा ब्लॉक पूर्ण करतं, त्यामुळे थोड्या ओळी जास्त येणार हे माहीत होतं. पण चार आणि सहाच्या ब्लॉकनी 30 ओलांडली तर गाडी 34च्या पुढं जाऊच शकत नाही. मग मॅन्युअल नीट वाचलं. तिथं लिहिलंय की तुम्ही दिलेला आकडा गटांच्या संख्येनं गुणला जातो. म्हणजे दोन गटांच्या ट्रायलमध्ये माझे 4 आणि 6 हे प्रत्यक्षात 8 आणि 12 झाले होते. मला हवं होतं ते मिळवायला 2 आणि 3 द्यायला हवे होते. सॉफ्टवेअरची चूक नाही, सगळं लिहून ठेवलेलं आहे. पण आकड्यांची जुळणी लागली नाही म्हणून मी थांबले. 32 ओळी आल्या असत्या तर थांबले नसते.

दुसरा खड्डा सीडचा. यादी पुन्हा तशीच काढता यावी म्हणून आपण सुरुवातीला एक सीड ठरवतो. ब्लॉकरँड एका वेळी एकाच स्ट्रॅटमची यादी देतं, म्हणून लोक लूप लिहितात, आणि सीडची ओळ त्या लूपच्या आत टाकतात. परिणाम काय? प्रत्येक सेंटरची यादी अक्षरशः तीच! बाहेर प्रिंट घेतल्यावर सेंटरचं नाव वेगळं, कोड वेगळे, त्यामुळे पटकन कळतही नाही. दोन सेंटरच्या डॉक्टरांनी चहाला भेटून आपापले पहिले दहा पेशंट ताडून पाहिले की संपलं. आणि सीड तरी काय असतो? 123. ज्याच्याकडे तुमचा कोड आहे त्याच्याकडे तुमची यादी आहे, हे डोक्यात ठेवा. (आणखी एक गंमत: 2019 मध्ये आर 3.6.0 आलं तेव्हा नमुना काढायची अंतर्गत पद्धत बदलली. त्यामुळे जुन्या आवृत्तीत काढलेली यादी त्याच सीडनं आज काढली तर वेगळी येऊ शकते. सीडसोबत आवृत्तीही लिहून ठेवायची ती यासाठी.)

पण ही झाली किरकोळ दुरुस्ती. मॅन्युअल वाचलं की सुटतं. माझा खरा आक्षेप असा की यादी कशी काढायची हे शिकवणारे व्हिडिओ आणि वर्कशॉप यादीपाशीच थांबतात. यादीच्या आधीचं आणि नंतरचं कुणी बोलत नाही, आणि ट्रायल बिघडतात त्या तिथंच.

आधीचं म्हणजे कप्पे किती पाडायचे. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगाल तितके कप्पे ते मुकाट्यानं पाडून देतं. समजा 6 सेंटर, स्त्री-पुरुष, तीव्रतेच्या 3 पायऱ्या आणि वयाचे 2 गट. गुणाकार करा: 72 कप्पे. पेशंट 180. म्हणजे कप्प्यामागे अडीच पेशंट! चारचा ब्लॉक बहुतेक कप्प्यांत पूर्णच होणार नाही, आणि अर्धवट ब्लॉकमध्ये समतोलाची हमी नसते. इतकी मेहनत करून शेवटी मिळालं काय, तर साध्या नाणेफेकीच्या जवळपास जाणारं काहीतरी. 1998च्या आयसीएच ई-9 या मार्गदर्शिकेत हे साफ सांगितलंय की दोन-तीनपेक्षा जास्त घटकांवर स्ट्रॅटिफाय करायची वेळ क्वचितच येते. सेंटर मात्र ठेवावं असा तिचाही सल्ला आहे. खूपच घटक सांभाळायचे असतील तर मिनिमायझेशनची वाट आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.

त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे सर्रास मोडली जाते. ब्लॉकचा आकार प्रोटोकॉलमध्ये लिहू नये. मी मात्र 'ब्लॉक साईज 4' असं ठळक टाईपात छापलेले प्रोटोकॉल पाहिलेत, आणि तो प्रोटोकॉल प्रत्येक सेंटरवर जातो. कागद घेऊन बघा. दोन गट, ब्लॉक चारचा, तर क्रम लावायचे प्रकार सहाच. चौथा पेशंट कुठं जाणार हे पहिल्या तिघांवरून नेहमीच कळतं. सहापैकी दोन प्रकारांत तिसराही कळतो, कारण पहिले दोघं एकाच गटात गेलेले असतात. सरासरी काढली तर दर तीन पेशंटमागे एकाचा गट खात्रीनं आधीच सांगता येतो. ट्रायल ओपन लेबल असेल, म्हणजे कुणाला काय मिळालं हे दिसत असेल, तर भरती करणाऱ्या डॉक्टरला हे मोजायला काय लागतं? वाईट हेतूच असावा लागतो असंही नाही. 'या आजींना नवीन औषध झेपणार नाही, यांना पुढच्या आठवड्यात बोलवू' एवढा कळवळा पुरतो. ब्लॉकचे आकार बदलते ठेवले की हे अवघड होतं, पण अशक्य होत नाही.

आता नंतरचं. इथं मला नेहमी 1948चा तो स्ट्रेप्टोमायसिनचा पेपर आठवतो, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. क्षयरोगाचे 107 पेशंट, 55 जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, 52 जणांना फक्त विश्रांती. ब्रॅडफर्ड हिल यांनी रँडम आकड्यांवरून प्रत्येक सेंटरसाठी, आणि तिथं स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या मालिका तयार केल्या होत्या. म्हणजे स्ट्रॅटिफाइड, मल्टिसेंटर, सगळं आलं, आणि तेही कॉम्प्युटरशिवाय. पण मला त्या पेपरात जास्त आवडतो तो पाकिटांचा भाग. मालिका काय आहे ते संशोधकांना माहीत नव्हतं, समन्वयकालाही नाही. आधी समितीनं पेशंट स्वीकारायचा, मग मध्यवर्ती ऑफिसमध्ये त्या नंबरचं पाकीट उघडायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पेशंट एकदा आत घेतला की मगच कळणार. आज आपण यादी मिनिटात काढतो आणि तिची पीडीएफ पाचही सेंटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मला सांगा, पुढं कोण गेलं?

आणि यादी चांगली असून काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे स्पेनमधली प्रेडिमेड. रिसर्चच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं ही गोष्ट मुळातून वाचावी. मेडिटेरेनियन आहारानं हृदयविकार, पक्षाघात टळतात का हे पाहणारी ट्रायल. 11 सेंटर, 7447 माणसं, तीन गट. एका गटाला ऑलिव्ह तेल फुकट, आठवड्याला घरटी साधारण लिटरभर. दुसऱ्याला सुकामेवा, तिसऱ्याला कमी चरबीचा सल्ला. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आली, जगभर गाजली.

2017 मध्ये जॉन कार्लाईल या ब्रिटिश भूलतज्ज्ञांनी पाच हजारांहून जास्त ट्रायलचे सुरुवातीचे तक्ते तपासले: वय, वजन, रक्तदाब वगैरे. खरंच रँडम वाटप झालं असेल तर गटांमधले फरक अमुक इतपत असावेत, ना फार जास्त ना फार कमी, हा त्यांचा हिशोब. प्रेडिमेड त्या चाळणीत अडकली. लेखकांनी मागं जाऊन तपासलं तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एकाच घरातला दुसरा माणूस आला तर त्याचं रँडमायझेशन न करता त्याला पहिल्याच्याच गटात घातलं होतं. एका सेंटरवर काही लोकांचं वाटप मुळात रँडम नव्हतंच, अख्खं क्लिनिक एकाच गटात टाकलं होतं. आणि आणखी एका सेंटरवर रँडमायझेशनचे तक्ते नीट वापरलेले दिसत नव्हते.

यात कुणी खलनायक शोधू नका. एका घरात नवऱ्याला ऑलिव्ह तेल आणि बायकोला नुसता सल्ला, हे स्वयंपाकघरात चालणार कसं? शेजाऱ्याला तेलाचा कॅन मिळाला आणि मला का नाही, असं गावातला माणूस विचारणारच. आपल्याकडं तर पहिल्या दिवशी विचारेल. त्या डॉक्टरनं व्यवहारी तोडगा काढला, आणि त्या तोडग्यानं ट्रायलचा तेवढा भाग रँडम राहिला नाही. सॉफ्टवेअरनं काढलेल्या तक्त्यात हे कुठंच दिसत नाही.

जून 2018 मध्ये मूळ पेपर मागं घेतला गेला आणि त्याच दिवशी सुधारून पुन्हा छापला गेला. आकडे फारसे हलले नाहीत. हॅझर्ड रेशो तेलाच्या गटात 0.70चा 0.69 झाला, सुकामेव्याच्या गटात 0.72चा 0.72च राहिला. शंकास्पद 1588 जण वगळून केलेलं विश्लेषणही त्याच दिशेचं. मग बिघडलं काय? निष्कर्षाची भाषा. आधी 'आहारानं प्रमाण कमी केलं' असं थेट कारण सांगितलं होतं. नंतर 'या गटांमध्ये प्रमाण कमी आढळलं' एवढ्यावर यावं लागलं. काही लोकांना यात फार फरक वाटत नाही. मला वाटतो. रँडमायझेशनचा सगळा खटाटोप 'मुळे' हा शब्द लिहिता यावा म्हणून असतो. तोच शब्द गेला तर इतक्या वर्षांच्या कष्टातून जवळपास एक मोठा निरीक्षणात्मक अभ्यास उरतो.

जाता जाता विश्लेषणाबद्दल एक वाक्य, कारण व्हायवात हमखास विचारतात: ज्या घटकांवर स्ट्रॅटिफाय केलं ते विश्लेषणातही धरायचे असतात, नाहीतर पी-व्हॅल्यू विनाकारण मोठी येऊ शकते.

आपल्याकडे सीटीआरआयवर ट्रायल नोंदवताना फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न असतात. क्रम कसा तयार केला, आणि तो लपवला कसा. पहिल्यात सगळे ऐटीत 'कॉम्प्युटर' भरतात. दुसऱ्याच्या उत्तरांत 'रँडम आकड्यांची उघडी यादी' हाही एक पर्याय आहे. तो निवडलेल्या नोंदी शोधून वाचा, आणि त्या ट्रायलमध्ये पेशंट कोण भरती करत होतं याचा विचार करा.

तर आमचा ज्युनिअर. त्याला एकच विचारलं, "यादी कुणाकडे राहणार?" तो म्हणाला, "माझ्याकडेच की, मीच तर पेशंट घेणारे." मग कप्पे 20 वरून 10 वर आणले, यादी काढली आणि बायोस्टॅटच्या मॅडमना पाठवली. पेशंटची संमती झाली की त्यांना फोन करायचा आणि गट विचारायचा, असं ठरलंय. ब्लॉक साईज त्याला सांगितलेला नाही. तो अजून रुसलाय.