यंत्रमानव कुणी चालवला?

शाळा सुटल्यानंतरच्या शिकवण्यांत गणित-इंग्रजीच्या जोडीला आता यंत्रमानवाचा वर्गही येऊन बसला आहे. मुले स्वतःच्या हातांनी काहीतरी जुळवतात ही गोष्ट खडू-फळ्याच्या शाळेत लहान नव्हे, तेव्हा या वर्गांकडे पाहून नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु बहुतेक वर्ग स्पर्धेच्या तारखेवर डोळा ठेवून चालतात. मग तेथे नेमके शिकते कोण, हे शिक्षकांनी विचारायलाच हवे.

या खेळामागचा विचार जुना आणि चांगला आहे. सेमूर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर 1967 साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली आणि 1980 साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की आज्ञावली पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही. ती कुठे अडली हे शोधून दुरुस्त करणे हेच खरे शिकणे. लेगो कंपनीने 1998 साली यंत्रमानवाचा संच काढला, त्याला या पुस्तकाचेच नाव दिले. 2022 अखेर ती मालिका बंद झाली, पण स्पर्धांचा व्याप त्यापूर्वीच जगभर पसरला होता.

आता वर्गात काय घडते ते पाहू. चाकाचा व्यास 5.6 सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे 17.6 सेंटिमीटर होतो. गाडी 88 सेंटिमीटर न्यायची, तर चाकाच्या 5 फेऱ्या हव्यात. सातवीच्या मुलाला हे गणित सहज जमेल. पण तयारीच्या घाईत त्याला '5' हा आकडा मिळतो, परीघ मिळत नाही. उद्या 4.3 सेंटिमीटर व्यासाचे चाक लावले, की तोच मुलगा अडतो. कारण आता साडेसहा फेऱ्या का लागतात हे त्याला ठाऊकच नसते.

काळ्या रेघेवरून धावणाऱ्या गाडीचेही तसेच. प्रकाश-संवेदक पांढऱ्या कागदावर, समजा, 60 आणि काळ्या रेघेवर 10 दाखवतो. म्हणून मधली 35 ही सीमा धरायची. हे आकडे कागद, संवेदकाची उंची आणि भोवतालचा उजेड यांवर अवलंबून असतात. स्पर्धेच्या सभागृहात दिवे वेगळे असले की पाठ केलेला 35 चुकू शकतो. ज्याने आकडे स्वतः मोजले आहेत तो पुन्हा मोजील; ज्याला ते सांगितले गेले आहेत तो सरांकडे पाहील.

दोष सगळा स्पर्धांचा आहे असेही नाही. प्रौढांनी मार्ग दाखवावा आणि काम मुलांनी करावे, हे 'फर्स्ट लेगो लीग'चे तत्त्वच आहे. तेथे गाडी टेबलावर अडीच मिनिटे धावते. पण तेवढ्यावरच निकाल लागत नाही. रचना अशीच का केली, हे मुलांना परीक्षकांना समजावून सांगावे लागते. मात्र पालकांना दिसते ते पदक, आणि वर्गाची जाहिरातही पदकावरच होते. तेव्हा शेवटच्या आठवड्यात चूक शोधायला वेळ लागतो म्हणून ती सरच दुरुस्त करतात. पॅपर्ट ज्याला शिकणे म्हणत होते, तेवढेच नेमके मुलाच्या हातून काढून घेतले जाते. वर परीक्षकांपुढची उत्तरे घोकून घेतली, की प्रश्नोत्तराची वही पूर्ण झाली!

दुसरी बाब पैशाची. महागडा संच आणि वर्गाची फी ज्यांना परवडते त्यांचीच मुले येथे पोचतात. 2016 साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. सरकारी शाळांनाही दार उघडले हे चांगले झाले. पण संच कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात राहिली, तर अनुदानाने काय साधले? उलट, अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून दाखवून दिले आहे, की विज्ञानाला महाग डब्याची गरज नसते. चाकाचा परीघ बाटलीच्या झाकणावर दोरा गुंडाळूनही कळतो.

तर शिक्षकांनी काय करावे? आपल्या शाळेत असा वर्ग असेल तर एकदा जाऊन बसावे. एक चाक बदलावे, किंवा खिडकीचा पडदा ओढावा, आणि मुले काय करतात ते गप्प राहून पाहावे. मुले पट्टी आणि वही काढून मोजायला लागली, तर वर्ग चांगला चालला आहे. पदक येवो वा न येवो. सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या, तर तेथे आज्ञा पाळायला यंत्रमानवाबरोबर मुलेही शिकत आहेत असे समजावे.