पंचवीस वर्षांच्या व्हिस्कीचा आस्वाद

धर्मगुरूने मद्याचे परीक्षण लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. मद्याने उद्ध्वस्त केलेल्या घरांच्या उंबऱ्यावर आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु स्कॉटलंडमधील व्हिस्कीची सर्वांत जुनी ज्ञात नोंदच एका संन्यस्ताच्या नावावर आहे. इ.स. १४९४-९५ च्या राजकोशाच्या हिशेबात फ्रायर जॉन कॉर यांना ‘अॅक्वा व्हिटी’ तयार करण्यासाठी माल्ट दिल्याचा उल्लेख आढळतो. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

एका स्नेह्याने आम्हांस ग्लेनफार्क्लासच्या २५ वर्षांच्या व्हिस्कीचा लहानसा पेला दिला. स्पेसाइड प्रांतातील ही भट्टी १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. तेथील तांब्याची पात्रे आजही थेट ज्योतीवर तापवली जातात, आणि मद्य मुरते ते ओलोरोसो शेरीच्या ओकच्या पिंपांत. पूर्वी स्पेनहून शेरी भरून येणारी पिंपे ब्रिटनमध्ये रिकामी होत, तीच व्हिस्कीला मिळत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो पुरवठा आटला. आता बहुधा व्हिस्कीसाठीच पिंपे घडवून त्यांत काही काळ शेरी मुरवतात.

रंग जुन्या सागवानी कपाटासारखा. मात्र रंगावर भाळू नये, कारण स्कॉच व्हिस्कीत कॅरमेल मिसळण्यास कायद्याची परवानगी आहे. ही भट्टी तसे करीत नाही, एवढेच. सुगंधात मनुका, अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल, आणि त्यामागे किंचित जायफळ. दोन थेंब पाणी घातल्यावर तो अधिक मोकळा झाला. पहिल्या घोटात गोडवा येतो, मग लवंगेचा चटका. शेवट मात्र आम्हांस खटकला. तेथे लाकडाचा तुरटपणा जिभेवर फार वेळ रेंगाळतो, आणि ज्या बार्लीपासून हे सारे सुरू झाले, तिची चव शोधूनही सापडत नाही. २५ वर्षांत पिंपाने दिले पुष्कळ. दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून गेले (तेथील लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात), आणि त्याबरोबर धान्यही जणू मागे पडले.

त्याच भट्टीची १५ वर्षांची व्हिस्की आम्ही पूर्वी चाखली होती. तिचे बळ ४६ टक्के, हिचे ४३. तिच्यात शेरी आणि बार्ली एकमेकींचे ऐकतात, येथे शेरी एकटीच बोलते. बाटलीवरील आकडा त्यातील सर्वांत कोवळ्या मद्याचे वय सांगतो, आणि किंमत मात्र त्या आकड्यानेच चढते. निवड करायची झाल्यास आम्ही १५ वर्षांचीच करू, तीही अर्धाच पेला.